बिनकाट्याची फांदी

मावशींसमोर खोटं बोलायची सोय नव्हती. त्या ओरडत नसत, डोळे वटारत नसत. चष्मा कपाळावर सरकवून एवढंच म्हणत, "दहापासून उलटे आकडे म्हण बघू."

सिडनीच्या एका हॉस्पिटलात त्या भूलतज्ज्ञ होत्या. सुई दिल्यावर पेशंटला उलटे आकडे म्हणायला लावायच्या, आणि त्यांच्या सांगण्यानुसार सातच्या पुढे कधी कोणी गेलं नाही. निवृत्तीनंतर सुई सुटली, आकडे राहिले. "उभी हयात लोकांना झोपवण्यात गेली," त्या म्हणायच्या, "आता जागं करते." उशिरा येऊन ट्रॅफिकचं कारण सांगणारा प्लंबर त्यांच्या अंगणात उभा राहून "टेन, नाइन, एट" म्हणताना मी पाहिला आहे. सातवर तो हसला आणि म्हणाला, "फेअर इनफ. फुटीची मॅच बघत होतो."

आम्हाला हा आजार ठाऊक नव्हता म्हणून आम्ही त्यांचे भाडेकरू झालो. सिडनीच्या वेंटवर्थव्हिल उपनगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये एकच टेबल होतं. करोनामुळे आम्ही दोघंही घरून काम करायला लागलो, तेव्हा बायकोची मीटिंग माझ्या मीटिंगमध्ये ऐकू यायची. मग कोणीतरी सांगितलं की शहराबाहेर ब्लू माउंटन्सच्या डोंगरात एका मराठी डॉक्टरीणबाईंच्या घरामागची कॉटेज रिकामी आहे. गेलो. बाईंनी आमची कागदपत्रं पाहिली नाहीत. मला बागकामाचे हातमोजे दिले आणि फाटकाजवळच्या झाडाशी नेलं.

"हात लाव."

लावला. मोज्यातूनही टोचलं.

"हे हॉली. याला ओरबाडायचं नाही, तोडायचं नाही, याच्याखाली सिगरेट प्यायची नाही. पटत असेल तर राहा."

ख्रिसमसच्या कार्डांवर लाल फळांशेजारी कंगोरे कंगोरे असलेली हिरवी पानं असतात ना, तेच हे झाड. घराच्या आधीच्या इंग्रज मालकाने लावलेलं, आता छपराहून उंच झालेलं. बायकोने आदराने विचारलं, "पवित्र असतं ना मावशी हे? नावच तसं आहे."

"लोकांना तसं वाटतं. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ टोचणारं, एवढाच. उगाच हात जोडू नकोस. मी त्याला टोचरं म्हणते."

या टोचऱ्यावरून मावशींचं अर्ध्या गावाशी वाकडं होतं. या देशात हॉली म्हणजे तण. पिवळ्या डोळ्यांचे काळे करवाँग पक्षी हिवाळ्यात त्याची फळं खातात आणि बिया रानभर टाकतात. रानातली बाहेरची रोपं उपटणारे स्वयंसेवक मावशींच्या फाटकाशी येऊन झाडाकडे भुकेल्या नजरेने बघायचे. मावशींनी त्यांच्याशी तह केला. कुंपणाच्या आसपास उगवलेलं प्रत्येक रोप त्या स्वतः उपटतील, फळं पक्ष्यांना मिळू देणार नाहीत, आणि मोबदल्यात झाडाला कोणी हात लावायचा नाही. हा तह त्या अक्षरशः पाळत. मे महिना आला की फळांच्या फांद्यांना जुन्या साड्या गुंडाळत. अंजिरी नारायणपेठ, मोरपंखी काठाची इरकल. रस्त्यावरून जाणारे गोरे लोक थांबून फोटो काढत. इतकं करूनही करवाँग आलाच तर मावशी स्टीलची थाळी आणि डाव घेऊन पायरीवर यायच्या आणि बदडायच्या.

पहिल्या लॉकडाऊनमध्ये तिकडे भारतात लोकांनी थाळ्या वाजवल्या, ते इथल्या बातम्यांत दाखवलं होतं. आम्ही राहायला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मावशींची थाळी वाजली, तशी शेजारची म्हातारी सॉसपॅन घेऊन बाहेर आली. समोरचा सुतार हातोडा आणि पत्रा घेऊन आला. सगळी गल्ली डॉक्टर-नर्सेसच्या सन्मानार्थ वाजायला लागली.

"तुम्ही खरं का सांगितलं नाहीत?" मी विचारलं.

"मी डॉक्टरच आहे," मावशी म्हणाल्या. "सन्मान योग्य जागी पोचला. आणि करवाँग आठवडाभर फिरकला नाही."

हॉलीचे जुने उपयोग त्यांना तोंडपाठ होते. लाकूड हस्तिदंतासारखं पांढरं, म्हणून बुद्धिबळातले पांढरे मोहरे त्याचे. चाबकाची मूठ त्याची, चालायची काठी त्याची. साल उकळून पक्षी धरायचा चिकट गोंद करत. दाराशी झाड असलं की वीज पडत नाही आणि चेटकीण येत नाही, अशी समजूत. पानांचा काढा तापावर देत. "देत म्हणजे अडाणी लोक देत," लगेच तंबी, "आणि फळं तर अजिबात खायची नाहीत. ओकून ओकून मराल, आणि या दिवसांत ॲम्ब्युलन्सवाल्यांना तेवढंच काम नाही." ऐकीव गोष्ट करून बघितल्याशिवाय मात्र त्यांना चैन पडत नसे. दुसऱ्या हिवाळ्यात त्यांच्या फायरप्लेसचं धुराडं तुंबलं. धुराडं साफ करणारा माणूस लॉकडाऊनमुळे येईना. मावशींना आठवलं की इंग्लंडातल्या खेड्यांत हॉलीचं झुडूप दोराला बांधून धुराड्यातून ओढत असत.

कुंपणाजवळून उपटलेलं एक झुडूप होतंच, आणि मी इंजिनीयर आहे, हे त्यांना पुरेसं वाटलं. मला शिडीवरून छपरावर चढवलं. खाली फायरप्लेसपाशी मावशी दोराचं दुसरं टोक धरून, शिडीशी बायको. "ओढ रे नाशिककर." मी ओढलं. निम्म्यावर झुडूप अडकलं. जोर केला, तसं ते बुचासारखं सुटलं आणि मी शेवाळलेल्या कौलांवरून घसरत पन्हळीपर्यंत आलो. आत मावशींच्या दिवाणखान्यात कित्येक वर्षांची काजळी एकदम उतरली. मी पन्हळीला लोंबकळतोय आणि खालून बायको विचारतेय, "तुझी अकराची मीटिंग आहे ना?"

धुराडं मात्र स्वच्छ झालं. मावशींनी शिडी शेडमध्ये ठेवून कुलूप लावलं, किल्ली कमरेला. या शिडीची गोष्ट पुढे पुन्हा यायची आहे.

आता नाशिकचं सांगतो. सांगायचं टाळत इथपर्यंत आलो, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

त्या वर्षी एप्रिल-मेमध्ये बाबांना करोना झाला. वाचले, पण चार पावलं चालले तरी धाप लागायची. आई आधीच गेलेली. ताई नाशिकातच असते, पण तिचं घर, तिच्या सासूचं आजारपण. ती फोनवर म्हणायची, "तू ये. तुम्ही दोघं या. माझ्याने एकटीने होत नाही." अडचण एवढीच की आमचा व्हिसा तात्पुरता. इथून बाहेर पडायला कोणी अडवत नव्हतं, पण परत यायला सीमा बंद. गेलो असतो तर इथलं सगळं सोडून गेल्यासारखंच होतं.

बायको म्हणाली, "जाऊया. होईल काय ते होईल." मी म्हणालो, "ऑफिसचं बघतो."

आणि ताईला काय सांगितलं? "मी तर लगेच निघेन गं. पण ती तयार नाही. घरात तिचंच राज्य, तुला माहीत आहे."

तिचं राज्य वगैरे काही नव्हतं. मला जायचं नव्हतं. नोकरीमुळे नाही, व्हिसामुळेही नाही. माझं आणि बाबांचं कधी फार बोलणं झालं नाही. त्यांच्या खाटेशेजारी बसून दिवसच्या दिवस काय बोलायचं, याची मला धास्ती वाटायची. आणि इथे धुक्यात सकाळी चहा घेऊन बसलं की मला कोणी काही विचारत नसे, ते मला आवडायला लागलं होतं. असं बहिणीला सांगता येत नाही. बायकोचं नाव सांगता येतं.

हे फोन मी हॉलीखाली उभा राहून करायचो, कारण आवारात रेंज तेवढ्या जागीच नीट यायची. मावशींच्या स्वयंपाकघराची खिडकी त्या झाडावरच उघडते, याचा विचार मी केला नव्हता.

जुलै आला. आमच्या डोंगरात जुलैत ख्रिसमस करतात. डिसेंबरात इथे कडक ऊन असतं आणि हॉलीला नुसती हिरवी गोटुली लागलेली असतात. थंडी, शेकोटी, लाल फळं, सगळा साज जुलैतला. एरवी हॉटेलं भरतात. त्या वर्षी सगळं बंद होतं, म्हणून मावशींनी जाहीर केलं, "एक कुंपण, एक घर. ख्रिसमस आपण तिघं करू." केक त्यांनी इडलीपात्रात वाफवायला ठेवला. मग मला बोलावून म्हणाल्या, "एक इंग्रजी रीत आहे, ऐकून ठेव. हॉली दोन तऱ्हेची. काटेरी म्हणजे नवरा, बिनकाट्याची म्हणजे बायको. सणाला घरात पहिली फांदी जी येईल, वर्षभर त्या घरात त्याचं राज्य. उद्या फांदी तू आणायचीस, एका फांदीपुरती तोडायची सूट. जी मिळेल ती."

"आणि ती फांदी दारावर किती दिवस?"

"फाटकाबाहेरचं वॉटल, म्हणजे इथलं बाभळीचं झाड, फुलून पिवळं होईपर्यंत. आधी उतरवली तर घरात भांडण."

माझ्या डोक्यात काय आलं ते सांगायला आजही संकोच वाटतो. बिनकाट्याची फांदी आणायची. मावशींच्या साक्षीने राज्य बायकोचं ठरेल. मग मी ताईला जे सांगितलं ते सपशेल खोटं राहणार नाही. निदान अर्धं तरी खरं होईल. चाळिशी ओलांडलेला, सॉफ्टवेअरमध्ये टीम सांभाळणारा माणूस असा विचार करत होता.

सकाळी झाडाभोवती फिरलो. हाताला येणारी प्रत्येक फांदी काटेरी. बिनकाट्याचं एक पान दिसेना. शेवटी त्यातल्या त्यात सौम्य फांदी तोडली, जॅकेटमध्ये लपवून कॉटेजच्या बाथरूममध्ये नेली आणि नेलकटर काढलं. कापलेली नखं ज्याच्या पोटातच साठतात, तसलं. एकेक पान घेऊन काटे छाटायला लागलो.

"किती वेळ?" बाहेरून बायको.

"नखं कापतोय."

"किती नखं आहेत तुला?"

दुपारी मावशींच्या दारात फांदी पुढे केली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, एका पानाच्या कडेवरून बोट फिरवलं. मला वाटलं आता आकडे येणार. आले नाहीत.

"गुळगुळीत," त्या म्हणाल्या. "सूनबाई, राज्य तुमचं." आणि फांदी चौकटीवर टांगली.

बायकोने राज्य मनावर घेतलं. पहिला हुकूम भांडी मी घासायची. दुसरा, मीटिंगमध्ये मोठ्याने बोलायचं नाही. मी आनंदाने माना डोलावत होतो. मग केक कापता कापता मावशी सहज म्हणाल्या, "राणीसाहेब, नाशिकबद्दल काय हुकूम?"

बायकोने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "जायचं. मी केव्हाची म्हणतेय. हाच ऑफिसचं बघतोय."

केक माझ्या घशात अडकला. मावशींनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. चेहऱ्यावर इतका निरागसपणा मी मांजराच्याही पाहिला नाही.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. हॉलीचं पान कापलं की कापल्या जागी काळं पडतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दोन दिवसांनी प्रत्येक पानाच्या कडेला बारीक काळे ठिपके उमटले. जिथे जिथे काटा होता, नेमके तिथे. फांदी उतरवायची सोय नाही, वॉटलला कळ्याही नव्हत्या. चहाला, जेवणाला, दिवसातून कितीदा तरी त्या दाराखालून जायचं आणि वर माझी कारागिरी काळी पडत चाललेली.

"मावशी, याला कीड लागली का?" एकदा बायकोने विचारलं.

"पानाला नाही लागलेली," मावशी म्हणाल्या आणि ताक घुसळायला लागल्या.

त्याच दुपारी त्यांनी मला झाडाखाली बोलावलं. "वर बघ. शेंड्याकडे."

पाहिलं. शेंड्याकडची पानं साधी, गोल कडेची. एकाही पानाला काटा नाही.

"एकाच झाडावर दोन्ही असतात. खाली गाईगुरांचं तोंड पोचतं, म्हणून खाली काटे. वर कोणी खायला येत नाही, तिथे ते कशाला काटे काढतील? बिनकाट्याची फांदी हवी तर शिडी लागते." त्यांनी कमरेची किल्ली वाजवली. "दहापासून."

"मावशी, प्लीज."

"दहा."

मी आठवर सांगून टाकलं. ताईला काय सांगितलं ते, आणि मला का जायचं नाही तेही. मावशी झाडाला टेकून ऐकत होत्या. मला वाटलं होतं, त्या मला नाशिकला जा म्हणतील.

"नाही जायचं तर नको जाऊस," त्या म्हणाल्या. "पण तू खालच्या फांदीवरचा माणूस आहेस रे. लोकांचं तोंड तुझ्यापर्यंत पोचतं. तुला नाही म्हणता यायला हवं. स्वतःचे काटे छाटतोस आणि बायकोला काटेरी म्हणून दाखवतोस, हे काय?"

"तुम्ही ताईला सांगणार?"

"मी फक्त भूल देते. ऑपरेशन तू कर. फोन लाव. रेंज आहे इथे."

लावला. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि खिडकीत थाळी घेऊन उभ्या राहिल्या. ताईला लावायचा धीर झाला नव्हता, बाबांना लावला होता. त्यांनी उचलला. मी हवापाण्याचं बोलायला लागलो, तशी खिडकीत थाळी वाजली.

"काय रे आवाज?"

"पक्षी हाकलतायत. बाबा, यायला तुमची सून नाही म्हणत नाहीये. मी नाही म्हणतोय."

बाबा थोडा वेळ दम खात राहिले. मग म्हणाले, "माहीत आहे. ती रोज सकाळी फोन करते मला. गोळ्या घेतल्या का, डबेवाली बाई भाजीत तेल किती घालते, सगळं विचारते. जिला यायचं नसतं ती तेल विचारत नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुला नसेल यायचं तर राहा," बाबा म्हणाले. "तिला यायचंय ना? तिला पाठव. तिला रमी येते. तुला ती पण येत नाही."

आणि मी काय म्हणालो? "बाबा, एवढ्यात ताईला सांगू नका." बाबांनी शब्द दिला. ते शब्दाचे पक्के.

वॉटल फुललं त्या आठवड्यात बायको एका खास विमानाने गेली. तिच्या कंपनीने तिकडून काम करू दिलं. जाताना तिने दारावरच्या काळ्या फांदीकडे बोट करून मला बजावलं, "राज्य माझंच आहे. भांडी घास." आणि माझ्या बाथरूमच्या डब्यातलं नेलकटर सामानात टाकून गेली, कारण तिचं हरवलं होतं.

महिन्याभराने तिचा व्हिडिओ कॉल आला. ताईने त्या नेलकटरने बाबांची नखं कापली, आणि ते रिकामं करताना ताईच्या बोटात काहीतरी घुसलं. बायकोने ते चिमट्यात धरून कॅमेऱ्यासमोर आणलं. वाळलेला, टोकदार, पिवळसर.

"हे काय आहे?"

तिला सगळं सांगितलं. ती इतकी हसली की पलीकडच्या खोलीतून बाबांनी काय झालं म्हणून हाक मारली. मग तिचं हसू थांबलं.

"म्हणजे ताई माझ्याशी अशी तुटक का वागते ते हे. मला वाटलं माझा स्वयंपाक आवडत नसेल."

"मी सांगतो तिला."

"तूच सांग. मी नाही सांगणार. माझा काटा नाही तो."

नाताळच्या सुमारास सीमा उघडल्या, ती परत आली. येताना बाबांशी खेळलेल्या रमीचे किस्से घेऊन आली. ते अजून मला ऐकवते. मी ताईला सांगितलं नाही. आज सांगू, दिवाळीला सांगू असं करत राहिलो. पुढे बाबा गेले. तेराव्याला ताई बायकोला म्हणाली, "तेव्हा तू लगेच यायला हवं होतंस. शेवटी आलीस, पण मे महिना मी एकटीने काढला." मी पाटावर बसलो होतो. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि पानं वाढायला निघून गेली. तेव्हाही मी बोललो नाही.

मावशी आता पर्थला मुलीजवळ असतात. घर विकलं, पण झाड न तोडण्याच्या अटीवर विकलं. नवीन मालकीण अजून फांद्यांना साड्या गुंडाळते. त्या साड्या आहेत हे तिला माहीत नाही. मावशींना बरंच आठवेनासं झालंय. दर जुलैत त्यांचा फोन यायचा, राज्य कुणाचं म्हणून विचारायला. यंदा आला नाही म्हणून मीच केला.

"कोण?"

"नाशिककर, मावशी."

"कोण नाशिककर?"

मी कॉटेज सांगितली, धुराडं सांगितलं, शिडी सांगितली. काही लागेना. फोन ठेवणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "अरे, तू तो बहिणीला अजून न सांगितलेला ना?"

नाव गेलं होतं. खोटं तेवढं राहिलं होतं.

"सांगतो, मावशी."

"दहापासून," त्या म्हणाल्या.

ताई, तुझ्याकडे दिवाळी अंक येतात आणि तू ते शेवटच्या पानापर्यंत वाचतेस, म्हणून इथे लिहितोय. दहा, नऊ, आठ. त्या वर्षी मे महिन्यात तुझी भावजय नाशिकला यायला तयार होती. नको मी म्हणालो. तुझ्या बोटात गेला तो काटाही माझाच होता.